पायांच्या फुगलेल्या शिरा (व्हेरिकोज व्हेन्स): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायावर हिरव्या-निळ्या, वेड्यावाकड्या गाठी दिसू लागल्या की सगळ्यांचं लक्ष त्या गाठींकडे जातं. शीर किती जाड झाली, किती लांबवर गेली, दिसायला किती वाईट दिसते, याचीच चर्चा होते. प्रत्यक्षात मोठ्या गाठी असूनही आयुष्यभर काही न झालेली माणसं असतात, आणि गाठी जेमतेम दिसत असताना घोट्याजवळ जखम झालेलीही असतात. म्हणून खालच्या उत्तरांत शिरेइतकंच, किंबहुना जास्तच, घोट्याजवळच्या कातडीबद्दल वाचायला मिळेल.

शिरा फुगतात म्हणजे आत नेमकं काय बिघडतं?

पायातलं रक्त हृदयाकडे परत जायचं तर ते वर चढवावं लागतं. हे काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, स्नायूंमधल्या खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. पोटरी सैल पडल्यावर तेच रक्त खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये ठिकठिकाणी एकाच दिशेने उघडणाऱ्या पातळ झडपा असतात. या झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त खाली गळतं, शिरेवर ताण येतो, ती रुंदावते. रुंद झालेल्या शिरेतल्या झडपांची टोकं एकमेकांना आणखीच टेकत नाहीत, म्हणजे गळती वाढत जाते.

स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत साधारण ८० ते ९० मिमी पारा इतका दाब असतो. चालायला लागल्यावर तो ३० च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. झडपा गळक्या असतील तर चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. सूज, जडपणा, खाज, काळे पडलेले घोटे, जखम, या सगळ्यांच्या मुळाशी हा न उतरणारा दाबच असतो.

बहुतेकांमध्ये गळती कातडीखालच्या दोन मोठ्या शिरांपैकी एकीत असते. एक घोट्याच्या आतल्या बाजूने निघून मांडीतून जांघेपर्यंत जाते (ग्रेट सॅफेनस), दुसरी पोटरीच्या मागून वर चढून सहसा गुडघ्यामागे खोल शिरेला मिळते (स्मॉल सॅफेनस). पोटरीवर दिसणारा गुंता हे या मोठ्या शिरेला फुटलेले फाटे असतात. दिसतं खाली, बिघडलेलं असतं वर.

मांडीवर बारीक लाल-जांभळ्या रेषा आहेत. हा तोच आजार का?

त्याच कुटुंबातला, पण बराच सौम्य. १ मिमीपेक्षा बारीक रेषा, १ ते ३ मिमीच्या निळसर शिरा आणि उभं राहिल्यावर ३ मिमी किंवा त्याहून जाड होणाऱ्या शिरा असे तीन प्रकार डॉक्टर वेगळे धरतात. व्हेरिकोज म्हणतात ते तिसऱ्याला. बारीक रेषांवर उपचार करायचे ते सहसा दिसण्यासाठी. तेवढ्यासाठी करायलाही हरकत नाही, मात्र 'आत्ता केलं नाही तर पुढे गंभीर होईल' असं सांगून कोणी घाई करत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. घोट्याच्या आतल्या बाजूला पंख्यासारखा पसरलेला बारीक शिरांचा पुंजका हा याला अपवाद. तो आत दाब वाढल्याची खूण असू शकतो, तो दाखवावा.

मलाच का झालं?

सर्वांत मोठा वाटा घराण्याचा. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर शक्यता वाढते, दोघांना असेल तर फारच वाढते. त्यानंतर वय, गर्भारपणं, वजन आणि तासन्‌तास उभं राहण्याचं काम. आधी कधी पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली असेल तर तिथल्या झडपा खराब होऊन पुढे काही वर्षांनी हा त्रास दिसू शकतो. पायावर पाय टाकून बसल्याने शिरा फुगतात, असं म्हणतात. त्याला फारसा आधार नाही. पुरुषांना होत नाही, हेही खरं नाही. पुरुष उशिरा दाखवायला येतात एवढंच.

काही दुखत नाही. तरी दाखवायचं का?

आधी घरी एक काम करा. चांगल्या उजेडात, दोन्ही पाय शेजारी ठेवून, घोट्याच्या आतल्या हाडाच्या वर चार-पाच बोटांपर्यंतची कातडी नीट पाहा आणि चाचपा.

शिरांमधला दाब सतत जास्त राहिला की रक्तातल्या तांबड्या पेशी बारीक वाहिन्यांतून बाहेर झिरपतात. त्यांच्यातलं लोह कातडीत साठतं आणि तिथे तपकिरी डाग पडतो. सुरुवातीला तो उन्हाने रापल्यासारखा वाटतो. पुढे खाज येते, कातडी कोरडी पडून खपल्या धरते, म्हणजे इसब होतं. यानंतरची पायरी हाताला कळते: कातडी खालच्या चरबीसह कडक होते, चिमटीत धरता येत नाही, आणि घोट्याच्या वरचा भाग आवळल्यासारखा बारीक दिसू लागतो. मध्येच पांढरे, पातळ, चकचकीत चट्टे येतात. अशा कातडीला खरचटलं, एखादा डास चावला तरी ती उघडते आणि मग आठवडेच्या आठवडे भरत नाही.

यांपैकी काहीही दिसलं तर दुखत नसलं तरी दाखवा. घोट्याजवळची ही खाज नायटा समजून महिनोन्‌महिने मलमं लावत राहणारे खूप असतात. एकाच पायाला, घोट्याच्या आतल्या बाजूला, तपकिरी डागावर खाज असेल तर मलम बदलण्याआधी शिरा तपासून घ्याव्यात. कातडी मऊ, एकसारख्या रंगाची असेल आणि त्रासही नसेल, तर नुसत्या गाठींसाठी घाई नाही.

डॉक्टरांच्या कागदावर सी-२, सी-४ असं काही लिहिलेलं असतं, ते याच पायऱ्यांचं मोजमाप. सी-० म्हणजे डोळ्यांना काहीच दिसत नाही, सी-१ बारीक रेषा, सी-२ फुगलेल्या शिरा, सी-३ सूज, सी-४ कातडीतले बदल, सी-५ भरून आलेली जखम, सी-६ उघडी जखम.

पाय दुखतात ते शिरांमुळेच, हे कसं ओळखायचं?

शिरांचं दुखणं दिवसभरात वाढत जातं. सकाळी पाय हलके, संध्याकाळी पोटऱ्या भरून आलेल्या, घोट्यावर मोज्याच्या काठाचा वळ. पाय उंचावर ठेवून पडलं की बरं वाटतं, चाललं तरी बरं वाटतं. उभं राहिलं की वाढतं.

ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळून येत असेल आणि दोन मिनिटं थांबल्यावर मोकळी होत असेल, तर संशय धमन्यांवर जातो, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत आणि मधुमेह्यांत. कमरेपासून खाली उतरणारी कळ, मुंग्या, बधिरपणा हे पाठीच्या मणक्याकडे बोट दाखवतात. एकाच माणसाला फुगलेल्या शिरा आणि झिजलेला गुडघा दोन्ही असणं अगदी नेहमीचं आहे. तिथे शिरांवर उपचार करून गुडघेदुखी थांबणार नाही, हे आधीच बोलून घेतलेलं बरं.

दोन्ही पायांना सारखी सूज असेल तर हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांचा विचार आधी होतो. शिवाय घरातली औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा. रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अ‍ॅम्लोडिपिनने अनेकांचे घोटे सुजतात, आणि ती सूज मोज्यांनी नाही, डॉक्टरांनी गोळी बदलल्यावर उतरते.

तपासणी कोणती? त्रास होतो का?

कलर डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी. सुई नाही, क्ष-किरण नाहीत.

ती कशी केली जाते याकडे मात्र लक्ष द्या. गळती बघायची तर रुग्णाला उभं करूनच बघावी लागते. तुम्हाला उभं करतात, तपासायच्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायला सांगतात, जांघेत किंवा मांडीवर जेल लावून यंत्राचं टोक टेकवतात आणि हाताने पोटरी दाबून सोडतात. दाबल्यावर रक्त वर जातं, पडद्यावर एक रंग भरतो. सोडल्यावर चांगली झडप लगेच मिटते आणि रंग नाहीसा होतो. गळक्या झडपेत उलटा रंग उमटून रेंगाळतो. कातडीजवळच्या शिरेत हा उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकला तर झडप निकामी धरतात. फक्त झोपवून, दोन मिनिटांत उरकलेल्या तपासणीत गुठळी आहे की नाही ते कळेल, गळती कुठून सुरू होते ते नीट कळणार नाही. अहवालात गळती कोणत्या शिरेत, कुठून कुठपर्यंत, शिरेची रुंदी किती आणि खोल शिरा मोकळ्या आहेत का, एवढं हवंच. हे नसताना शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका.

दाबाचे मोजे घालून शिरा बऱ्या होतात का?

नाही. मोजे अंगावर आहेत तोवर दाब आवरतात, सूज आणि जडपणा कमी करतात. काढले की परिस्थिती पहिल्यासारखी. निकामी झडप मोज्याने दुरुस्त होत नाही. तरी ज्यांना उपचार करायचे नाहीत किंवा करता येत नाहीत, गरोदर स्त्रिया, दिवसभर उभं राहणारे, यांना मोज्यांचा खरोखर आधार वाटतो.

मोजा घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर जाताना सैल होत गेलेला हवा. त्याचा दाब मिमी पाऱ्यात लिहिलेला असतो. 'क्लास १', 'क्लास २' यांचे आकडे देशानुसार बदलतात, म्हणून आकडाच पाहावा. माप घ्यायचं सकाळी, सूज चढण्याआधी, आणि घालायचा तोही सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या. घालताना मोजा टाचेपर्यंत उलटा करून घ्या, आधी पाऊल आणि टाच नीट बसवा, मग थोडा थोडा वर सरकवा. काठ धरून ओढला तर वर चोळामोळा होतो आणि नेमक्या त्या जागी आवळतो. बोटांवर रबरी हातमोजे असतील तर पकड चांगली मिळते. काही महिन्यांत त्यातला ताण जातो आणि मग तो सहज चढू लागतो. सहज चढणारा जुना मोजा बदलायला झालेला असतो.

एक इशारा गंभीरपणे घ्या. पायाच्या धमन्या अरुंद असतील तर घट्ट मोजा रक्तपुरवठा तोडू शकतो. मधुमेह, धूम्रपान, थंड पडणारी पावलं, यांपैकी काही असेल तर आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांची तुलना करून घ्यावी.

व्यायाम, मालिश, गोळ्या यांचा उपयोग?

चालण्याचा आहे, कारण पोटरीचा पंप त्यानेच चालतो. जागच्या जागी उभं राहावं लागत असेल तर टाचा उचलणं-टेकवणं करत राहा. वजन उतरवल्याने सूज आणि त्रास कमी होतो. झोपताना पाय हृदयाच्या वर येतील इतके उचलून ठेवावेत. पायाखाली एक पातळ उशी पुरत नाही.

मालिशीने बरं वाटतं, शीर बारीक होत नाही. अचानक लाल, कडक, दुखरी झालेली शीर किंवा एकाएकी सुजलेली पोटरी मात्र अजिबात चोळू नये. डायोस्मिन-हेस्पेरिडिनसारख्या गोळ्यांनी जडपणा आणि सूज काहींना कमी वाटते. झडपा दुरुस्त करणारी गोळी नाही, तेलही नाही.

उपचारांचे इतके प्रकार आहेत. निवडायचा कोणता?

तत्त्व एकच: गळकी शीर कामातून बाद करायची. जुनी पद्धत जांघेत छेद देऊन ती शीर बांधायची आणि ओढून काढायची. आता बहुतेक ठिकाणी ती आतूनच बंद करतात. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेने २०१३ साली क्रम लावून दिला: आधी उष्णतेने शीर बंद करणं, ते जमण्यासारखं नसेल तर फोम, तेही नसेल तर शस्त्रक्रिया. हा क्रम अजूनही समजायला सोयीचा आहे.

उष्णतेच्या उपचारात लेझर आणि रेडिओफ्रीक्वेन्सी हे दोन प्रकार येतात. सोनोग्राफीत बघत गुडघ्याच्या आसपास सुईने शिरेत शिरतात, बारीक तंतू किंवा नळी जांघेच्या अलीकडे सुमारे २ सेंमीपर्यंत नेतात. मग शिरेभोवती सगळीकडे भुलीच्या औषधाचं पातळ द्रावण टोचतात. रुग्णांच्या लक्षात राहतो तो हाच टप्पा, कारण टोचण्या बऱ्याच असतात. त्या द्रावणामुळे दुखत नाही, आजूबाजूला भाजत नाही आणि शीर तंतूवर चेपून बसते. त्यानंतर शीर आतून तापवत तंतू खाली ओढत आणतात. रेडिओफ्रीक्वेन्सीच्या एका नेहमीच्या पद्धतीत १२० अंश सेल्सियसला २० सेकंद, असं तुकड्यातुकड्याने करतात. त्याच दिवशी चालत घरी जाता येतं. पुढचे काही दिवस मांडीत दोरी ताणल्यासारखं वाटतं, काळंनिळं पडतं. काहींना एखादा भाग काही काळ बधिर राहतो, कारण खालच्या भागात शिरेला लागून संवेदनांची नस (मज्जातंतू) जाते.

लेझर चांगलं की रेडिओफ्रीक्वेन्सी? शीर बंद होण्याच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखे. माझं स्पष्ट मत असं की यंत्रापेक्षा डॉपलर कोण करतं आणि सुई कोणाच्या हातात आहे, हे जास्त महत्त्वाचं.

फोममध्ये पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध हवेबरोबर दोन सिरिंजमध्ये घुसळून त्याचा फेस शिरेत सोडतात. वाकड्यातिकड्या शिरांत, जिथे सरळ नळी जात नाही तिथे, आणि आधीच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा झालेल्या शिरांत ते उपयोगी पडतं. भूल लागत नाही. मात्र शीर पुन्हा उघडण्याची शक्यता उष्णतेपेक्षा जास्त, आणि कातडीवर तपकिरी रेघ बरेच महिने राहू शकते. ग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट हा डिंक. त्यात शिरेभोवतीच्या टोचण्या वाचतात. काहींना त्याची अ‍ॅलर्जी येऊन शिरेवरची कातडी लाल होते, आणि तो डिंक आत कायम राहतो. उरलेल्या गाठी दोन-तीन मिमीच्या छेदांतून हुकने काढता येतात.

मुख्य शीर तशीच ठेवून नुसत्या दिसणाऱ्या गाठी काढून देतो, असं कोणी म्हटलं तर डॉपलरचा अहवाल पुढे ठेवून कारण विचारा. कधीकधी त्याला सबळ कारण असतं.

शीर बंद केली तर रक्त कुठून जाणार?

पायातलं सुमारे नव्वद टक्के रक्त खोल शिरांतूनच परत जातं. कातडीखालची गळकी शीर मदत करत नसते, उलट वर गेलेलं रक्त खाली आणून खोल शिरांवरचा बोजा वाढवते. म्हणून ती बंद केल्यावर पाय हलका होतो. हृदयाच्या बायपाससाठी हीच शीर वापरतात हे खरं, पण रुंद, वेडीवाकडी झालेली शीर त्या कामाला सहसा चांगली नसते.

पुन्हा होतं का?

होऊ शकतं. बंद केलेली शीर कधी उघडते, कधी दुसरी गळू लागते. शिरा कमकुवत असण्याचा स्वभाव उपचाराने जात नाही. 'कायमचं बरं करतो' ही जाहिरात वाचून डॉक्टर निवडू नका.

गरोदरपणात शिरा फुगल्या. आत्ताच उपचार करायचे?

सहसा नाही. रक्ताचं प्रमाण वाढतं, संप्रेरकांमुळे शिरा सैलावतात, गर्भाशयाचा दाब येतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच शिरा आपोआप उतरतात. तोपर्यंत मोजे, चालणं आणि डाव्या कुशीवर झोपणं. एकाच पायाला अचानक सूज आली तर मात्र ती 'गरोदरपणातली सूज' म्हणून सोडू नये, या काळात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका जास्त असतो.

शीर लाल, कडक आणि दुखरी झाली आहे. गुठळी हृदयात जाईल का?

कातडीखालच्या शिरेतली गुठळी बहुधा तिथेच राहते आणि काही आठवड्यांत विरते. तरी डॉपलर करून घ्यावा. ही शीर जांघेत किंवा गुडघ्यामागे जिथे खोल शिरेला मिळते त्या जोडाजवळ गुठळी पोचली असेल, किंवा ५ सेंमी वा त्याहून लांब असेल, तर रक्त पातळ करणारी औषधं लागू शकतात. पू झालेला नसतो, त्यामुळे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. पूर्ण पोटरी किंवा मांडी सुजणं, ताणून दुखणं हे खोल शिरेतल्या गुठळीचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी दाखवा. सोबत दम लागत असेल, छातीत दुखत असेल, थुंकीतून रक्त येत असेल, तर रुग्णवाहिका बोलवा.

अंघोळ करताना शिरेतून रक्ताची चिळकांडी उडाली तर?

खाली आडवं व्हा, लगेच. पाय भिंतीला किंवा खुर्चीवर टेकवून हृदयापेक्षा वर घ्या आणि स्वच्छ फडक्याने नेमक्या त्या ठिकाणी बोटाने घट्ट दाबून धरा, किमान दहा मिनिटं, मध्ये उचलून न बघता. वर दोरी किंवा पट्टा आवळून बांधू नका, त्याने शिरेतलं रक्त अडून रक्तस्राव वाढतो. लोक घाबरून उभे राहतात, बसून बघत राहतात, आणि त्यातच खूप रक्त जातं. असे मृत्यूही झाले आहेत. रक्त थांबलं तरी त्या शिरेवर लवकर उपचार करून घ्यावेत, कारण तिथून पुन्हा रक्त येतं.

घोट्याजवळची जखम काही केल्या भरत नाही. काय करायचं?

रोज ड्रेसिंग बदलून, महागडी मलमं लावूनही ती भरत नसेल तर बहुधा खालचा दाब तसाच आहे. जखमेवरच्या औषधापेक्षा पायावरची पट्टी महत्त्वाची: पावलाच्या बोटांपासून गुडघ्यापर्यंत, अनेक थरांची, माहीतगार हाताने बांधलेली. अर्थात आधी धमन्या ठीक असल्याची खात्री करून. पट्टीसोबत गळकी शीरही लवकर बंद केली तर जखम आणखी लवकर भरते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांच्या अभ्यासात, लवकर उपचार केलेल्यांपैकी निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, उपचार लांबवलेल्यांपैकी निम्म्यांना ८२ दिवस लागले. म्हणून 'आधी जखम भरू दे, मग शिरेचं बघू' हा सल्ला आता मागे पडला आहे.

भरल्यावरही मोजे सोडू नयेत, तीच जागा पुन्हा उघडते. आणि वर्षानुवर्षं असलेल्या जखमेची कड जाड होऊन उंच दिसू लागली, सहज रक्त येऊ लागलं किंवा नीट पट्ट्या बांधूनही ती तीन महिन्यांत जराही लहान झाली नाही, तर कडेचा तुकडा काढून कर्करोगासाठी तपासायला सांगा.